जुन्या फियाटींचं वार्षिक संमेलन: पुणे ते गुहागर, तयारीच्या आणि प्रवासाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

मार्ग ठरला. पुणे, वाई, सातारा, कराड करून कोयनानगरला पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागर, तिथे दोन रात्री, आणि परत त्याच वाटेने. तारखा १० ते १३ जानेवारी. नावं दिलेल्या गाड्या चौदा. त्यात डिलाइट आहेत, एक प्रेसिडेंट आहे, बहुतेक पद्मिनी आणि सगळ्यांत वडीलधारी म्हणजे पन्नासच्या दशकातली डुक्कर फियाट, म्हणजे लोकांनी हे टोपणनाव दिलेली जुनी फियाट ११००.

बरीच मंडळी महाबळेश्वरसाठी अडून बसली होती. पसरणी घाट चढायचा, वर राहायचं, आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं. देखणा रस्ता आहे, वाद नाही. पण जानेवारीतला शनिवार-रविवार म्हणजे स्ट्रॉबेरीचा हंगाम, आणि पसरणीत मोटारींची रांग लागली की अर्धा-अर्धा तास चढावर उभं राहावं लागतं. जुन्या गाडीला चढण जड जात नाही. चढावर रांगेत थांबणं, दर दोन मिनिटांनी क्लच सोडून चार हात पुढे जाणं, हे जड जातं. रेडिएटरला वारा मिळत नाही आणि तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकतो. आंबेनळीचा प्रश्न वेगळा. वळणं अरुंद, उतार सलग, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या चौदा गाड्या एकदम बाजूला घ्यायला तिथे जागाच नाही.

म्हणून कुंभार्ली. घाट रुंद आहे, ट्रकची वर्दळ असल्यामुळे टायरवाले आणि गॅरेज दोन्ही टोकांना सापडतात.

या वर्षी एक गोष्ट सुरुवातीलाच लिहून सगळ्यांना दिली: वेग, थांबे, रोजचं अंतर सगळं डुक्कर फियाटच्या चालीने ठरणार. इंजिन पद्मिनीसारखंच १,०८९ सीसीचं असलं तरी ताकद तिच्यापेक्षा कमी आहे, आणि गाडीचे मालक काका पंचाहत्तरीचे आहेत. मागच्या संमेलनात ते मागे राहत गेले आणि प्रत्येक थांब्यावर पोचेपर्यंत बाकीचे निघालेले असायचे. माणूस चार दिवस एकटाच गाडी चालवत राहिला तर त्याला संमेलन कशाला म्हणायचं?

२० ऑक्टोबर २०२४

पद्मिनी घेऊन मार्गाची पाहणी केली. नव्या गाडीने पाहणी करू नये असं माझं पक्कं मत आहे, कारण नवी गाडी चढाव लपवते. पद्मिनीत बसलं की कुठे दुसरा गिअर टाकावा लागतो ते हाताला कळतं.

थांब्याची जागा शोधताना तीन गोष्टी पाहिल्या: सपाट जमीन, दुपारची सावली आणि पाणी. हॉटेल चांगलं असून भागत नाही. तीन-चार नामांकित हॉटेलांची आवारं उताराची निघाली, ती सोडून दिली. हँडब्रेकच्या भरवशावर जुन्या गाड्या उतारावर ओळीने लावायच्या नाहीत.

दर ४० ते ४५ किलोमीटरला थांबा धरला आहे. पहिला शिरवळला, म्हणजे खंबाटकी चढायच्या आधी इंजिनं निवतील. पुण्याहून जाताना घाट चढावाच लागतो, बोगदा फक्त परतीच्या वाटेला आहे. दुसरा थांबा सुरूर फाट्यावरून आत वळून वाईला. साताऱ्याच्या पुढे शेंद्र्यापासून कराडपर्यंत महामार्गाच्या सहापदरीकरणाचं काम चालू आहे. वळसे, धूळ, आणि रात्री दिसणार नाहीत असे खाचखळगे. तो पट्टा उजेडातच ओलांडायचा.

कुंभार्ली घाटात पावसाने काही वळणांवर डांबर उखडलंय. जानेवारीपर्यंत दुरुस्ती होईल असं हेळवाकला चहाच्या टपरीवर सांगत होते, तरी ती वळणं वहीत टिपून ठेवली आहेत. मोबाइलला घाटात रेंज नाही.

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळी आटोपल्यावर कागदपत्रांचं काम घेतलं. ज्यांना असा प्रवास करायचाय त्यांनी हे शेवटच्या महिन्यावर अजिबात ढकलू नये.

खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण लागतं, ते पाच-पाच वर्षांसाठी मिळतं, आणि पर्यावरण कर वेगळा. आमच्यातल्या तिघांची मुदत जानेवारीच्या आधीच संपत होती. एकाच्या गाडीच्या चेसिसवरचा नंबर रंगाच्या थराखाली गेला होता. तपासणीत तो वाचता येईना, गाडी परत पाठवली. थिनर आणि मऊ ब्रश घेऊन बसल्यावर एकेक आकडा उघडा झाला. एका अंकासाठी सबंध सकाळ गेली, पण दुसऱ्या खेपेला काम झालं.

डुक्कर फियाटसाठी विंटेज नोंदणीचा विषय निघाला. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात असलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळू शकतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. पण ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल यांपुरतीच. काका दर गुरुवारी त्याच गाडीने भाजी आणायला जातात. त्यांनी साध्या नोंदणीवरच राहायचं ठरवलं आणि मला ते पटलं.

फास्टॅग सगळ्यांनी एकदा टोलनाक्यावरून जाऊन तपासून घ्यायचा आहे. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे असे तीन नाके लागतात.

२४ नोव्हेंबर २०२४

सुट्या भागांची पेटी भरली. ही पेटी सगळ्यांची मिळून एक, मागून येणाऱ्या पिकअपमध्ये मिस्त्रींच्या ताब्यात राहणार.

आधी रबर. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि या गाड्यांचे पाइप, पंपाचे पडदे त्या काळच्या पेट्रोलसाठी बनलेले. माझ्या गाडीचा टाकीकडून येणारा होज काढून मध्ये वाकवला तर आतली बाजू चिकट, बोटाला काळं लागलं. हाच गाळ कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. सगळ्यांनी इथेनॉल सोसणारा होज घालायचा, क्लिपसकट, असं ठरलं. मीटरला साडेतीनशे-चारशे रुपये पडले. दोघांनी साधा घातला, मिस्त्रींनी तो परत काढायला लावला.

पेटीत: पेट्रोल पंपाचे दोन संच, सीबी पॉइंट, रोटर, डिस्ट्रिब्युटर कॅप, फॅनबेल्ट, वॉटर पंप, वरचा-खालचा रेडिएटर होज, हेड गॅस्केट, व्हील सिलिंडरची रबरं, ब्रेक ऑइल, क्लच केबल, प्लग, कॉइल, बल्ब, फ्यूज, ग्रीस गन. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमाराला थांबलं, त्यामुळे जुन्या दुकानांत पडून राहिलेला माल शोधावा लागतो. नवा माल मिळतो तो हलका. हातात जुनं रोटर आणि नवं रोटर घेतलं की वजनातच फरक कळतो. एकूण खर्च ७,४०० रुपये.

८ डिसेंबर २०२४

गाड्यांची तपासणी. सकाळी सातला सगळे मैदानावर. प्रत्येक गाडी आधी वीस मिनिटं चालवून गरम करायची, मग बोनेट उघडायचं. थंड इंजिनवर सगळंच बरं दिसतं.

मिस्त्रींची पद्धत लिहून ठेवतो. ब्रेकचं पेडल दाबून एक मिनिट तसंच धरायला सांगतात. पाय हळूहळू खाली जायला लागला तर तेल कुठेतरी निसटतंय. मग चाकाच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या मागच्या पत्र्यावर बोट फिरवतात आणि वास घेतात. ग्रीस असेल तर सोडून देतात, ब्रेक ऑइल असेल तर चाक तिथेच उघडतात. एका पद्मिनीच्या मागच्या डाव्या चाकात सिलिंडरला गंजाचे खड्डे निघाले. रबर बदलून भागणारं नव्हतं, आणि मास्टर सिलिंडरही तीच तक्रार करत होता. मालक तरुण, उत्साही, “मिस्त्री, महिना आहे अजून, करून घेतो,” म्हणत होता. मिस्त्री म्हणाले, “दादा, करून घ्या. पण घाट उतरायच्या आधी पाचशे किलोमीटर शहरात चालवा, मग मी सही देतो.” महिन्याभरात ते होणार नव्हतं. गाडी यादीतून काढली. तो दादा दुसऱ्याच्या गाडीत येणार आहे, त्याची सोय केली.

कुणाची गाडी अशी काढावी लागली की वाईट वाटतं. पण हे मैदानावर झालं, घाटात झालं असतं तर काय, या विचाराने मी रात्री नीट झोपलो.

सहा गाड्यांच्या किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) ग्रीसच पोचत नव्हतं, ग्रीस भरायचे निपल बुजलेले. ते तिथेच बदलले. तीन फॅनबेल्ट बदलले. संध्याकाळचे साडेपाच वाजले.

२२ डिसेंबर २०२४

मुक्कामाचा घोळ झाला. गुहागरला नारळी-पोफळीच्या आगरात एका ठिकाणी ६,००० रुपये आगाऊ देऊन ठेवले होते. त्यांनी त्याच तारखा दुसऱ्या मोठ्या समूहाला दिल्या, पैसे परत द्यायलाही तयार नाहीत. तीन दिवस फोनाफोनी झाली, हाती काही लागलं नाही. पुन्हा शोधाशोध केली तेव्हा दोन शेजारशेजारची घरगुती निवासं मिळाली. एका वाडीत मोठं अंगण आणि बारा महिने पाणी असलेली विहीर. ही विहीर आमच्यासाठी खोल्यांपेक्षा महत्त्वाची. खाऱ्या वाऱ्याने जुना पत्रा लगेच गंज धरतो, रोज संध्याकाळी गाड्या गोड्या पाण्याने धुता आल्या पाहिजेत.

यापुढे आगाऊ रक्कम देताना तारखा, खोल्या आणि रद्द झाल्यास परताव्याची अट लेखी घ्यायची.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

पहाटे साडेपाचला निघालो. तेरा गाड्यांची एकच रांग करायची नाही, हे आधीच ठरलं होतं. महामार्गावर लांब रांग झाली की मागची वाहनं मधे घुसतात आणि टोलनाक्यावर रांग तुटतेच. तीन तुकड्या केल्या. पहिल्या तुकडीच्या अग्रभागी डुक्कर फियाट.

काका तयार नव्हते. “अरे, मी पुढे राहिलो तर मागचे सगळे वैतागतील.”

“काका, तुम्ही मागे राहिलात तर आम्ही चुकू. पुढे चला, पंचावन्नवर ठेवा.”

त्यांनी पंचावन्न धरला आणि कराडपर्यंत सोडला नाही. ट्रक मागून येऊन, हॉर्न देऊन, शेजारून जाताना हात करत होते.

शिरवळला चहा, पोहे. खंबाटकी सगळ्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढला, एकाचाही काटा चढला नाही. थंडीत लवकर निघण्याचा हा फायदा.

वाईला कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा, चौकातला गारवा, मागे पायऱ्या उतरत थेट नदीत. घाटावर मेणेश्वराजवळ ती मोठी घंटा टांगलेली आहे. वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या ज्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. मंडळी तिथे रमली आणि ठरलेल्या एका तासाचे दोन झाले. उठवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

तो तास पुढे नडला. सातारा-कराड पट्ट्यात धूळ आणि वळशांत वेळ गेला, तासवड्याला एका गाडीचा फास्टॅग चालला नाही, दुप्पट टोल रोख भरावा लागला. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर जेमतेम वीस मिनिटं मिळाली. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी नमस्कार करून निघालो. पाटणच्या पुढे अंधार पडला. पद्मिनीच्या दिव्यांचा पिवळा उजेड वळणावर फार पुरत नाही. वेग चाळीसवर आणला. कोयनानगरला साडेसातला पोचलो, ठरल्यापेक्षा दोन तास उशिरा.

जेवताना कोयनेच्या भूकंपाचा विषय निघाला. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. ज्यांच्याकडे राहिलो त्या घरातल्या आजी तेव्हा लहान होत्या. सगळं गाव अंगणात आलं, दिवस उजाडेपर्यंत कुणी घरात गेलं नाही, आणि पुढचे कितीतरी महिने ताडपत्रीखाली झोपायचं, एवढंच त्या सांगत राहिल्या.

११ जानेवारी २०२५, शनिवार

सकाळी नेहरू उद्यानातून धरण पाहिलं. १०३ मीटर उंचीची भिंत आणि मागे पसरलेला शिवसागर. धरणावर परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि आम्ही तशी मागितलीही नव्हती.

साडेनऊला घाट. नियम सोपे: चढताना जो गिअर लागेल त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक दाबून धरून ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. चढणाऱ्याला वाट द्यायची. रेंज नसल्यामुळे जोड्या लावल्या होत्या. प्रत्येकाने आरशात आपला जोडीदार दिसतोय हे बघायचं, दिसेनासा झाला तर पुढच्या रुंद जागी थांबायचं. हे कागदावर बालिश वाटतं, पण घाटात याच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडलं नाही.

मध्यावर एका पद्मिनीतून जळक्या ब्रेक लायनरचा वास आला. गाडी तिसऱ्यात होती आणि पाय सतत ब्रेकवर. बाजूला घेतली तेव्हा पुढच्या ड्रमवरून हवा थरथरताना दिसत होती. कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन धावलं. मिस्त्री ओरडले, “पाणी नको! ड्रमला चीर जाईल.” चाळीस मिनिटं नुसते उभे राहिलो. पेडल पुन्हा घट्ट झालं तेव्हा निघालो आणि तिथून खाली ती गाडी मिस्त्रींनी स्वतः दुसऱ्यात उतरवली.

खाली पोफळी. वर पाहिलेलं तेच पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून इथे उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. कोयना प्रकल्पाची सगळी मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. आम्ही जो उतार ब्रेकचा वास घेत उतरलो, त्याच उतारावर हे सगळं उभं आहे, हे आमच्याबरोबरच्या मुलांना गाडीत बसून सांगता आलं.

परशुरामाचं देऊळ वगळलं. महामार्गाने उलट दिशेला जाऊन यायला दीड तास लागला असता आणि उन्हं वाढत होती. चिपळूण ते गुहागर ४५ किलोमीटर, सगळे छोटे छोटे चढउतार. काटे इथे घाटापेक्षा जास्त चढले. थंडीतून एकदम कोकणच्या दुपारी आल्यावर असं होणारच, हे वेळापत्रकात धरलं नव्हतं. दोनदा थांबावं लागलं. तीनला अंगणात गाड्या लागल्या. संध्याकाळी व्याडेश्वर आणि पायी समुद्र. गाड्या वाळूत न्यायच्या नाहीत हा नियम सगळ्यांनी पाळला.

१२ जानेवारी २०२५, रविवार

हेदवीची बामणघळ भरतीलाच बघायची असते. यजमानांनी पंचांग काढलं: पौष शुद्ध चतुर्दशी. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, चौदाची पाऊणपट साडेदहा. सव्वादहाला आम्ही उमामहेश्वराच्या देवळापाशी होतो. साडेदहानंतर लाट त्या चिंचोळ्या भेगेत शिरायची, आत घुमायची आणि वर उसळायची. मुलं तर हलेनात. पौर्णिमेच्या आदल्या दिवसाची भरती, जोर चांगला होता. त्याआधी दशभुज गणपतीचं दर्शन, येताना वेळणेश्वर.

दुपारी चारला बोनेट उघडी ठेवून गाड्या अंगणात लावल्या, गावातल्यांना यायला सांगितलं होतं. संमेलनाचा हा भाग मला सगळ्यांत आवडतो. शाळकरी मुलं आली, बायका आल्या. जवळच्या वाडीतले एक गृहस्थ आले, साठी उलटलेले. मुंबईत आयुष्यभर पद्मिनी टॅक्सी चालवून गावी परतलेले. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, त्यांची त्याच्या कितीतरी आधी. त्यांना माझ्या गाडीत बसवलं. बसल्या बसल्या डावा हात स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यावर गेला, बघावं लागलं नाही. क्लच दाबून चारही गिअर एकदा टाकून बघितले. “दुसरा जरा अडकतोय, बुश बदला,” म्हणाले. अगदी बरोबर होतं.

मग बोनेटमध्ये डोकावून विचारलं, “जादा कंडेन्सर कुठाय?” मी पेटीचं नाव घेतलं. ते म्हणाले, “पेटीत नाय ठेवायचा. आम्ही डिस्ट्रिब्युटरलाच दुसरा आवळून ठेवायचो. वायर बदलली की सवारी घेऊन पुढे.”

रात्री मिस्त्रींना विचारलं. पेटीत कॉइल होती, पॉइंट होते, पण पॉइंटची टोकं जळू नयेत आणि ठिणगी जोरात पडावी म्हणून लागणारा छोटा कंडेन्सर एकही नव्हता. रविवारी रात्री गुहागरात मिळणं शक्य नव्हतं. चिपळूणला सकाळी सातला कोण दुकान उघडणार? एका काकांच्या डिकीत जुन्या सामानाच्या डब्यात एक वापरलेला सापडला. तो पेटीत टाकला.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

पहाटे पाचला निघालो, ऊन चढायच्या आत घाट पार करायला. शिरगावला थांबून पाणी, तेल बघितलं. डुक्कर फियाट पुढे. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये एकसारख्या आवाजात वर जात होती, न थांबता माथ्यावर गेली.

तिसऱ्या तुकडीतली निळी पद्मिनी वरच्या टप्प्यात एका वळणावर फट्फट् करून बंद पडली. चढाव, गरम इंजिन, पेट्रोलची वाफ पंपात अडकली, असं सगळ्यांनीच धरलं. ओलं फडकं पंपावर टाकलं. वीस मिनिटांनी सुरू झाली, शंभर हात गेली, पुन्हा बंद. पुन्हा फडकं. असा सव्वा तास गेला. पिकअप तोवर वर निघून गेली होती आणि रेंज नाही. एकाला ट्रकमध्ये बसवून वर पाठवलं तेव्हा मिस्त्री खाली आले.

त्यांनी पंपाला हातच लावला नाही. कार्ब्युरेटरकडचा होज काढून बाटलीत धरला, स्टार्टर मारायला लावला. पेट्रोल जोरात, सलग आलं. म्हणजे वाफ नाही. मग कॉइलची मधली वायर काढून इंजिनच्या लोखंडाजवळ धरली. ठिणगी पिवळट, बारीक, मधेच नाहीशी. डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडली तर पॉइंटची टोकं काळीनिळी जळलेली. कंडेन्सर तापला की कामातून जात होता, निवला की थोडा वेळ चालत होता, म्हणून लक्षणं हुबेहूब वाफेसारखी. डब्यातला जुना कंडेन्सर लावला, पॉइंट कानशीने साफ करून फट बसवली. दहा मिनिटं. पहिल्या अर्ध्या फेरीत इंजिन धरलं.

तेव्हा क्रम लिहून ठेवा: गरम गाडी बंद पडली की आधी पेट्रोल येतंय का बघा, मग ठिणगी बघा, आणि त्यानंतरच फडकं भिजवा. दोन तपासण्यांना मिळून पाच मिनिटं लागतात.

आणि पिकअप यापुढे कधीही पुढे जाणार नाही. शेवटच्या गाडीच्याही मागे.

आज भोगी. पाटणच्या अलीकडे एका घरगुती खानावळीत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोण्याचा गोळा. दोन तास उशीर झालेला असूनही कुणी घाई केली नाही. कराडच्या पुढचा पट्टा उजेडात झाला. खंबाटकीच्या बोगद्यानंतरच्या वळणावर सगळ्यांना आधीच गिअर उतरवायला सांगितलं होतं, उतारावरचं ते वळण वाईट आहे. रात्री सव्वानऊला शेवटची गाडी घरी पोचल्याचा निरोप आला.

१९ जानेवारी २०२५

हिशेब. दर गाडीमागे दोन माणसांचे ११,००० रुपये घेतले होते, तेरा गाड्यांचे १,४३,००० जमले. मुक्काम आणि जेवण ९८,०००. पिकअप, डिझेल, मिस्त्री आणि त्यांचा मदतनीस मिळून ३४,०००. सुटे भाग ७,४००. बुडालेली आगाऊ रक्कम ६,०००. तूट २,४०० रुपयांची, ती पुढच्या वर्गणीतून वळती होईल. पेट्रोल ज्याचं त्याने भरलं. सुमारे ७०० किलोमीटर झाले, पद्मिनीने लिटरला बारा धरले तर सहा हजारांच्या आसपास. डुक्कर फियाटने काकांच्या वहीप्रमाणे लिटरला तेरा दिले, सबंध प्रवास पंचावन्नच्या वर न गेल्यामुळे.

पुढच्या वेळी पहिल्या दिवसाचं अंतर कमी करायचं. वाई-मेणवलीला अर्धा दिवस द्यायचा आणि मुक्काम साताऱ्यालाच. कोकणात उतरल्यावर दुपारी बारा ते तीन गाडी चालवायची नाही. चालकांना घाट उतरण्याचा सराव आधी खंबाटकीच्या जुन्या ओळखीवर सोडून न देता कात्रजच्या जुन्या घाटात मिस्त्रींना शेजारी बसवून द्यायचा. लायनर जळाले ती गाडी कुणाचीही असू शकली असती.

यादीतून काढलेल्या पद्मिनीला नवा मास्टर सिलिंडर आणि मागचे दोन्ही व्हील सिलिंडर बसले. दादा रोज कामावर तीच नेतोय, आज ३१० किलोमीटर झाले. पाचशे झाले की मिस्त्री पेडल बघणार आहेत.

आज सगळ्या गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरला जादा कंडेन्सर आवळून टाकले. एकेक ११० रुपये.